नव्या मोटारीची घासाघीस आणि एकाच दिवसाची दोन बिले

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नवी मोटार घेताना किमतीसाठी किती ताणून धरावे, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस चर्चा चालू आहे. काही वाचकांच्या मते घासाघीस न करता मोटार घेणे म्हणजे आपण होऊन खिशाला चाट लावून घेणे आहे, तर काहींना ती सारी यातायात कमीपणाची वाटते. मी मोटारींच्या एका शोरूममध्ये हिशेबाच्या टेबलावर नोकरीची बहुतेक वर्षे काढली. बिले माझ्या हातून निघत, कर्जाच्या फायली माझ्याकडून पुढे जात आणि विक्री प्रतिनिधींचे महिन्याचे कमिशनही मीच काढत असे. ग्राहकाला जो व्यवहार क्वचितच आणि समोरच्या बाजूने दिसतो, तो मला रोज आतल्या बाजूने दिसत होता. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, छापील किमतीवर घातलेली लांबलचक हुज्जत श्रमाच्या मानाने फारच थोडे पदरात टाकते. आणि जिथे खरोखर मोठी रक्कम वाचवता येते, त्या टेबलापर्यंत पोहोचेतो ग्राहकाचा दम संपलेला असतो. हे मत मी सविस्तर मांडू इच्छिते, कारण आतापर्यंत प्रसिद्ध झालेल्या पत्रांत सूट किती मिळाली याचेच आकडे आहेत आणि शेवटी एकूण किती पैसे गेले याचा हिशेब कोणीच दिलेला नाही.

आधी नफ्याविषयी. विक्रेता प्रत्येक मोटारीमागे भरमसाट कमावतो आणि चिवटपणे भाव केला तर त्यातला मोठा वाटा आपल्याला परत मिळवता येतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात नव्या मोटारीच्या विक्रीवर विक्रेत्याला सुटणारे पैसे ग्राहकाच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ कमी असतात. शोरूम तगते ते सर्व्हिसिंग, सुटे भाग, कर्जावरचे कमिशन, विमा आणि अ‍ॅक्सेसरीज यांवर. शिवाय बिलावर दिसतो तेवढाच नफा असतो असेही नाही. अमेरिकेत अनेक कंपन्या छापील किमतीच्या साधारण 2 ते 3 टक्के रक्कम मोटार विकली गेल्यानंतर विक्रेत्याला परत देतात, आणि ठरलेल्या मुदतीत ठरावीक मोटारी खपल्या तर वेगळा बोनसही देतात. म्हणजे विक्रेत्याला एखादी मोटार किती कमी करून परवडेल, हे तिच्या बिलापेक्षा त्या महिन्याच्या एकूण खपावर अधिक ठरते, आणि ते गणित ग्राहकाने कितीही आवाज चढवला तरी बदलत नाही.

आमच्याकडे सूट कुठवर द्यायची याची मर्यादा सकाळी, शोरूमचे दार उघडण्यापूर्वीच ठरलेली असे. दुपारी एखादे कुटुंब अडून बसले की विक्री प्रतिनिधी गंभीर चेहऱ्याने उठे आणि "साहेबांना विचारून येतो" म्हणून काचेच्या केबिनमध्ये जाई. माझे टेबल त्या केबिनच्या दाराशीच होते. आत गेल्यावर तो घोटभर पाणी पिई, सायंकाळच्या डिलिव्हरीविषयी दोन शब्द बोले आणि तसाच बाहेर येई. सूट मागायची गरजच नसे, कारण ती त्याच्या हातात आधीपासून असे. बाहेर येऊन तो तिचा एक तृतीयांश हिस्सा देई. आणखी तासाभराने दुसरा हिस्सा देई, आणि उठून निघालेल्या ग्राहकाला दाराशी गाठून उरलेला देई. ग्राहकाला वाटे की आपण एकेक पायरी लढून घेतली. ज्या ग्राहकाने इतर दोन विक्रेत्यांची लेखी कोटेशने टेबलावर ठेवून शांतपणे शेवटचा आकडा विचारला, त्याला तीच सूट पंधरा मिनिटांत मिळाल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

हा आकडा वरखाली होतो त्याची कारणे निराळी असतात. विक्रेत्याने आवारातल्या मोटारी बहुधा कर्ज काढून आणलेल्या असतात आणि उभ्या मोटारीवर रोज व्याज चढत असते, म्हणून दोन-तीन महिने पडून राहिलेली मोटार तो नुकत्याच आलेल्या मोटारीपेक्षा सहज सोडतो. महिन्याचे किंवा तिमाहीचे उद्दिष्ट दोन-चार मोटारींनी हुकत असेल, तर शेवटच्या दिवशी तो तोटा सोसूनही मोटार देईल, कारण बोनस सगळ्या मोटारींवर मिळणार असतो. मॉडेल बदलणार असेल, मोटार आधल्या वर्षी तयार झालेली असेल किंवा टेस्ट ड्राइव्हसाठी वापरलेली असेल, तर तिथे ताणून धरण्यात अर्थ आहे आणि तिथे जरूर ताणावे. उलट मोटारींचाच तुटवडा असेल तर कितीही वाक्चातुर्य निरुपयोगी ठरते. 2021 साली सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईमुळे जगभर मोटारींचे उत्पादन रोडावले, तेव्हा अनेक ठिकाणी ग्राहकांनी छापील किमतीहून जास्त पैसे मोजून मोटारी नेल्या. त्यांत भाव करण्यात हातखंडा असलेले लोकही होतेच. तेव्हा कधी आणि कोणती मोटार घ्यायची, हा निर्णय कसा भाव करायचा यापेक्षा अधिक पैसे वाचवतो.

आता मी ज्या टेबलाचा उल्लेख सुरुवातीला केला, त्या कर्जाच्या टेबलाकडे वळते. आमच्याकडे एक गृहस्थ लागोपाठ तीन शनिवार आले होते. सोबत मेहुणा, एक मित्र आणि कधी थोरला मुलगा असे. त्यांच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता आणि त्यावर प्रत्येक शोरूमने सांगितलेली सूट लिहून, सर्वात मोठ्या आकड्याभोवती लाल पेनाने दोनदा गोल केलेला होता. तिसऱ्या शनिवारी त्यांनी किमतीच्या दीड टक्का सूट मिळवली, सर्वांशी हस्तांदोलन केले आणि उत्साहाने माझ्या टेबलाशी येऊन बसले. कर्जाचे कागद मी त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी विचारलेला एकच प्रश्न मला अजून आठवतो: "हप्ता किती बसेल?" मी आकडा सांगितला, त्यांना तो परवडण्यासारखा वाटला आणि जिथे जिथे खूण होती तिथे तिथे त्यांनी सह्या केल्या. व्याजाचा दर त्यांनी वाचला नाही. तो त्यांना त्यांच्या स्वतःच्या बँकेत मिळाला असता त्याहून एक टक्क्याने जास्त होता, आणि त्या फरकातला वाटा कमिशन म्हणून आमच्या शोरूमला मिळणार होता.

त्या एक टक्क्याचा अर्थ काय, हे मला आकड्यांनीच सांगितले पाहिजे. मोटारीच्या किमतीचे 100 भाग धरा आणि त्यांतले 80 भाग 5 वर्षांच्या कर्जाने उभे केले असे समजा. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा फेडून उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, वार्षिक 9 टक्के दराने एकूण परतफेड साधारण 99.6 भाग होते आणि 10 टक्के दराने ती 102 भाग होते. म्हणजे अवघ्या एक टक्क्याच्या फरकाने 2.3 भागांहून जास्त रक्कम गेली. ती पाच वर्षांत विभागून जाते म्हणून तिचे आजचे मूल्य काढले, तरी ते पावणेदोन भागांच्या वरच राहते. तीन शनिवार आणि चार माणसे खर्ची घालून मिळवलेला दीड भाग एका न वाचलेल्या ओळीत परत गेला, आणि वर थोडे आणखी गेले. आपल्या बँकेला केलेल्या एका फोनने तो वाचला असता.

मुदतीचा परिणाम तर याहूनही मोठा असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. "हप्ता किती परवडेल?" हा प्रश्न विक्री प्रतिनिधीने विचारला की ग्राहकाला तो आपल्या काळजीपोटी विचारलेला वाटतो. पण त्या प्रश्नाचे उत्तर दिले की किंमत, दर आणि मुदत या तिन्ही गोष्टी एका आकड्याच्या आड जातात. हप्ता जड वाटला तर मुदत 5 वर्षांवरून 7 वर्षांवर नेली जाते आणि हप्ता लगेच हलका दिसू लागतो. वरच्याच उदाहरणात 9 टक्के दर कायम ठेवून फक्त मुदत 7 वर्षे केली, तर एकूण व्याज 19.6 भागांवरून 28.1 भागांवर जाते. साडेआठ भाग! इतकी सूट घासाघीस करून मिळवलेला ग्राहक माझ्या सबंध नोकरीत माझ्या पाहण्यात आला नाही. ज्यांना खरोखर मोठी मुदत हवी आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी, पण तिची किंमत कळून घ्यावी. फ्लॅट दराचेही असेच आहे. फ्लॅट 6 टक्के हे ऐकायला स्वस्त वाटते. परंतु त्यात मूळ रक्कम दरमहा फिटत असतानाही व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावलेले असते. 5 वर्षांच्या कर्जावर असा 6 टक्के दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळपास 11 टक्के पडतो. दोन ठिकाणचे दर ताडून पाहायचे असतील तर दोन्ही घटत्या शिलकीवरच सांगायला लावावे, नाहीतर ती तुलनाच होत नाही.

यापुढचा टप्पा अ‍ॅक्सेसरीजचा. मोठा आकडा एकदा मनाने स्वीकारला की त्याच्या शेजारी उभे राहणारे लहान आकडे माणसाला दिसेनासे होतात. एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना विचारले होते की, 5 डॉलर वाचवण्यासाठी तुम्ही वीस मिनिटे गाडी चालवून दुसऱ्या दुकानात जाल का? कॅल्क्युलेटरची किंमत 15 डॉलर सांगितली तेव्हा 68 टक्के लोक जायला तयार झाले. तोच कॅल्क्युलेटर 125 डॉलरचा आहे असे सांगितले तेव्हा केवळ 29 टक्के तयार झाले. वाचणारे पैसे दोन्ही वेळा तेच होते. मोटारीच्या बिलाखाली पायपुसण्या, सीट कव्हर, बॉडी कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि हाताळणी खर्च अशा ओळी एकाखाली एक उतरत जातात, तेव्हा नेमके हेच घडते. एरवी जी रक्कम खर्च करण्यापूर्वी तोच माणूस आठवडाभर विचार करील, ती इथे तो मान डोलावून मान्य करतो. विक्री प्रतिनिधीला हे पक्के ठाऊक असते. आमच्याकडे त्याला मोटारीपेक्षा या ओळींवर अधिक कमिशन मिळत असे, म्हणून मूळ किमतीत सूट देताना त्याला फारसे दुःख होत नसे. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. जुनी मोटार बदल्यात देणाऱ्यांची स्थिती याहून बिकट होते, कारण नव्या मोटारीवर दिलेली सूट जुनीची किंमत तेवढीच उतरवून भरून काढता येते. जुन्या मोटारीची बोली बाहेरून आधी घेऊन ठेवावी आणि दोन्ही व्यवहार वेगवेगळ्या कागदांवर करावेत, एवढेच मी त्यांना सांगेन.

इथपर्यंत मी पैशांविषयी बोलले. हे पत्र लिहायला मी ज्या कारणाने बसले, ते मात्र वेगळे आहे.

एका दिवशी मी दोन बिले काढली. मॉडेल एकच, प्रकार एकच, रंगही एकच, आणि मोटारी एकाच खेपेत आलेल्या. पहिली मोटार नेणारे गृहस्थ बोलके आणि ठाम होते. दुसरी मोटार एका शिक्षिकेने नेली. त्या एकट्या आल्या होत्या, मोटारीची माहिती पुस्तिका त्यांनी काळजीपूर्वक वाचलेली होती, आणि किमतीविषयी त्यांनी इतकेच विचारले की "हीच किंमत आहे ना?" प्रतिनिधीने "हो" म्हटले. ते उत्तर खोटे नव्हते, कारण छापील किंमत खरोखर तीच होती. दोन्ही बिले माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडली होती आणि त्यांतला फरक साधारण एका मासिक पगाराएवढा होता. मी दोन्हींवर शिक्का मारला. शिक्षिकाबाईंनी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, माझे आभार मानले आणि मोटारीत बसण्यापूर्वी दारावरून एकदा हात फिरवला. मी त्या वेळी काही बोलले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

"भीड ही भिकेची बहीण" असे आपण म्हणतो आणि भिडस्त माणसाच्या नुकसानीचे खापर त्याच्याच डोक्यावर फोडतो. मला हे पटत नाही. एकाच वस्तूसाठी, एकाच दिवशी, एकाच दुकानात शांत माणसाने अधिक पैसे द्यावेत याला व्यवहारचातुर्याचे कोणतेही तत्त्व आधार देत नाही. आणि हा प्रश्न केवळ भिडेचाही नाही. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत नव्या मोटारींच्या शोरूममध्ये तीनशेहून अधिक जोडीजोडीने चाचण्या घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाले. पाठवलेल्या सर्व ग्राहकांना काय बोलायचे आणि कसा भाव करायचा हे आधी शिकवून ठेवले होते, म्हणजे घासाघीस सर्वांची सारखीच होती. तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेली किंमत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या किमतीपेक्षा लक्षणीयरीत्या कमी निघाली. ज्यांना वाटते की भाव करण्याची कला शिकली की झाले, त्यांनी या निष्कर्षाचा जरूर विचार करावा. समोर कोण बसले आहे हे पाहून जिथे आकडा निघतो, तिथे नुसते बोलणे शिकून पुरे पडत नाही.

याला उतारा कशाचा, हेही त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले आहे. फियोना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेटलमायर आणि होर्हे सिल्व्हा-रिसो यांनी नव्या मोटारींच्या प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदी तपासल्या. इंटरनेटवरून किंमत मागवून मोटार घेणाऱ्यांना ती सरासरी सुमारे 2 टक्क्यांनी स्वस्त पडल्याचे त्यांना आढळले. त्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, शोरूममध्ये जास्त किंमत मोजणाऱ्या अल्पसंख्य गटांतील ग्राहकांना इंटरनेटवरून जवळजवळ गोऱ्या ग्राहकांइतकीच किंमत लागली. समोरासमोरच्या घासाघिशीत जे मागे पडतात, त्यांना लेखी किमतीचा सर्वाधिक फायदा झाला. तिथे कोणी आवाज चढवला नव्हता आणि कोणी उठून दारापर्यंतही गेले नव्हते.

मग किंमत एकच ठेवून घासाघीस बंदच का करू नये, असे कोणी विचारील. हा विचार नवा नाही. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या व्यापाऱ्यांनी प्रत्येकाला एकच भाव सांगण्याचा नियम धर्मबुद्धीने पाळला, आणि एकोणिसाव्या शतकात मोठ्या दुकानांनी वस्तूला किमतीची चिठ्ठी लावून तो व्यापारात रुळवला. मोटारीच्या बाबतीत अमेरिकेने 1958 साली कायदा करून प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा तपशील चिकटवणे सक्तीचे केले. सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने तो कायदा झाला आणि त्या कागदाला आजही त्यांचेच नाव आहे. त्या कागदाने किंमत दिसू लागली, पण ती सुचवलेली किंमत असल्याने विक्रेते तिच्या खाली आणि वर जातच राहिले. जनरल मोटर्सने 1985 साली स्थापन केलेल्या सॅटर्न या कंपनीने पुढे जाऊन घासाघीस नसलेली विक्री हेच आपले वैशिष्ट्य केले. 1990 साली तिच्या मोटारी बाजारात आल्या, ग्राहकांना ती पद्धत मनापासून आवडली, आणि 2010 साली कंपनी बंद झाली ती इतर कारणांनी. अलीकडे टेस्ला कंपनी मध्ये विक्रेता न ठेवता सर्वांना एकच किंमत लावते. तथापि 2023 च्या जानेवारीत तिने किमती एकदम खाली आणल्या, तेव्हा काही दिवसांपूर्वीच मोटार नेलेले चीनमधील ग्राहक तिच्या शोरूमपुढे जाब विचारायला जमले. एकच किंमत असली तरी ती उद्या कमी होणार नाही याची हमी कोणी देत नसते, आणि ती वाजवी आहे याचीही नाही. म्हणून घासाघिशीवर सरसकट बंदीचा आग्रह मी धरत नाही. दोन-तीन विक्रेत्यांत स्पर्धा राहिली पाहिजे. ती स्पर्धा कागदावर व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.

एका भीतीचा उल्लेख इथेच करते, कारण मागील एका पत्रात ती व्यक्त झाली होती. फार भाव केला तर पुढे सर्व्हिसिंगला त्रास देतात, असे त्या वाचकाने लिहिले आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये मोटार किती रुपयांना विकली गेली हे कोणालाही माहीत नसे आणि तशी नोंद जॉब कार्डावर कुठेही येत नसे. त्या भीतीने कोणी विचारायचे राहू नये. विचारणे आणि हुज्जत घालणे यांत फरक आहे. "याहून कमी होऊ शकेल का?" हा एक सौम्य प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे, कारण तो न विचारल्याची किंमत त्या शिक्षिकेने दिली. त्यानंतरचे दोन तास मात्र बहुतेक वेळा वाया जातात. नाराजीही उरते. मोटार घरी नेण्याच्या दिवशी, जो खरे तर आनंदाचा दिवस असतो, लोक कपाळाला आठ्या घालून किल्ली घेताना मी पाहिले आहेत.

नोकरी सोडल्यापासून नात्यातले आणि शेजारचे लोक मोटार घेताना माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना एकच मजकूर लिहून देते आणि तो जवळच्या तीन-चार विक्रेत्यांना पाठवायला सांगते. त्यात मोटारीचे मॉडेल, प्रकार आणि रंग नेमका लिहिलेला असतो, आणि पुढे असे असते: "मी या महिन्यात खरेदी करणार आहे. कृपया मोटारीचा उत्पादन महिना, मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा आणि इतर प्रत्येक खर्च वेगवेगळ्या ओळीत दाखवून अंतिम रक्कम लेखी कळवावी. मला कोणत्याही अ‍ॅक्सेसरीज नको आहेत. कर्ज व विमा मी बाहेरून घेण्याची शक्यता आहे. तुमच्याकडून घेतल्यास किंमत बदलणार असेल तर तेही कळवावे." शेवटचे वाक्य मी अनुभवाने घातले आहे, कारण काही वेळा सूट ही कर्ज त्यांच्याकडूनच घेण्याच्या अटीवर दिलेली असते आणि ती अट सह्या करण्याच्या दिवशी समजते. आलेल्या उत्तरांतले सर्वात कमी उत्तर इतरांना दाखवून एकदा विचारावे, आणि मग जो विक्रेता नीट बोलतो व ज्याचा कागद स्वच्छ आहे त्याच्याकडे जावे. तिथे शे-दोनशे जास्त पडले तरी चालतील. या सगळ्याला मिळून संध्याकाळचा एखादा तास लागतो. ज्यांना समोर बसून बोलायला संकोच वाटतो, त्यांना तो संकोच इथे आडवा येत नाही.

प्रश्न उरतो तो विक्रेत्यांचा. ग्राहकाने मागितल्यावर सर्व खर्च वेगवेगळे दाखवणारा कागद देण्यात कोणत्याही प्रामाणिक विक्रेत्याचे नुकसान नाही, आणि मी ज्यांच्यासोबत काम केले त्यांतले अनेक जण प्रामाणिक होते. तीन-तीन शनिवार चालणारे ते नाटक त्यांनाही नकोसे झालेले होते. परंतु आज हा कागद बहुधा बुकिंगची रक्कम भरल्यानंतर हाती येतो, जेव्हा ग्राहकाचा पाय अडकलेला असतो. आपल्या वृत्तपत्राने विक्रेत्यांच्या संघटनांकडे हा विषय मांडावा आणि त्यांचे उत्तर याच सदरात छापावे, अशी माझी विनंती आहे. न मागताही, प्रत्येक ग्राहकाला, आणि बुकिंगची पहिली रक्कम घेण्याच्या आधी तो कागद द्यायला ते तयार आहेत का, एवढेच त्यांना विचारावे.

आपली नम्र,
एक वाचक